‘सगळे नर’ म्हणून आणलेल्या बीजात मादी कुठून आली? मत्स्यशेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

अलीकडे आलेल्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ एकच आहे. गाय, शेळी किंवा कोंबडी पाळणाऱ्याला सवय असते की पिल्लू जन्मतःच नर किंवा मादी असते आणि तिथे विषय संपतो. तोच हिशेब माशांना लावला की गोंधळ होतो. माशात गुणसूत्रे कौल देतात, पण काही जातींत तो पहिल्या तीन-चार आठवड्यांत बदलता येतो, काहींत पाण्याच्या तापमानाने बदलतो, तर काहींत मासा चांगला मोठा झाल्यावरही बदलतो. म्हणून माझ्याकडे नर-मादीबद्दल कुणी विचारले की मी आधी जात आणि वय विचारतो.

प्रश्न : एकलिंगी, सगळे नर म्हणून तिलापियाचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, तळ्यात सोडले. चार महिन्यांनी काठाला बारीक पिल्लांचे थवे दिसू लागले. बीजवाल्याने फसवले का?

असेलही, पण भांडायला जाण्याआधी जाळे टाका. पिल्ले दिसण्याची कारणे तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिले कारण म्हणजे बाहेरून आलेले मासे. पाणी आत घेताना तोंडाला बारीक जाळी नसेल, तर आसपासच्या ओढ्या-कालव्यातला तिलापिया पिल्लाच्या रूपात आत येतो. आधीच्या हंगामानंतर तळे पूर्ण सुकवले नसेल, तर चिखलातल्या खड्ड्यात उरलेल्या दोन-चार माद्याही पुरतात. अशा वेळी सापडणाऱ्या माद्या तुमच्या बीजाच्या आकाराशी जुळत नाहीत. त्या एकतर बऱ्याच मोठ्या असतात किंवा बऱ्याच लहान.

दुसरे कारण म्हणजे बीजातच काही माद्या असणे. एकलिंगी बीज बहुतेक ठिकाणी संप्रेरकयुक्त खाद्य देऊन तयार करतात. ते काम नीट झाले तरी शेकडा दोन-पाच माद्या राहू शकतात. नीट झाले नाही तर प्रमाण बरेच वाढते.

तिसरे कारण संकराचे. निळ्या तिलापियाचा नर आणि नाईल तिलापियाची मादी यांच्या संकरातून जवळपास सगळे नर मिळतात, याचा उलगडा पुढे केला आहे. पण दोन्ही बाजूंचे प्रजनक शुद्ध असतील तरच. पिढ्यान्‌पिढ्या एकाच केंद्रात दोन्ही जाती ठेवल्या की भेसळ होतेच आणि मग ‘सगळे नर’ हे फक्त पिशवीवर उरते.

थोड्या माद्या असल्या तर काय बिघडले, असेही एकाने विचारले आहे. हिशेब करून पाहा. 2000 मासे सोडले आणि त्यात शेकडा 5 माद्या निघाल्या, तर त्या 100 झाल्या. तिलापियाची मादी एका विणीला दोन-तीनशे पिल्ले सहज देते, ती तोंडात सांभाळते आणि साधारण महिना-दीड महिन्याने पुन्हा वीण घेते. 200 धरली तरी एका फेरीत 20,000 पिल्ले होतात. त्यातली बहुतेक मरतात, पण उरलेली तुमचेच खाद्य खातात आणि तुमचाच प्राणवायू वापरतात. शिवाय अंडी-पिल्ले तोंडात असेपर्यंत मादी जवळजवळ खात नाही, म्हणून तिची वाढ खुंटते. नराची वाढ जास्त दिसण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता तपासणी. मासे 40-50 ग्रॅमचे झाले की हाताने ओळखता येतात. मासा ओल्या फडक्यात उलटा धरा, पोट वर. गुदद्वाराच्या लगेच मागे एक छोटा उंचवटा दिसतो. नराचा उंचवटा निमुळता असतो आणि त्याच्या टोकाला एकच छिद्र असते. मूत्र आणि वीर्य दोन्ही तिथूनच बाहेर पडतात. मादीचा उंचवटा आखूड, रुंद, बोथट असतो. त्याच्या मध्यावर अंडी बाहेर पडण्याची आडवी चीर असते आणि टोकाला मूत्राचे वेगळे, अगदी बारीक छिद्र. म्हणजे गुदद्वार धरून नरात दोन छिद्रे, मादीत तीन. चीर दिसत नसेल तर कापसाच्या बोळ्याने मिथिलिन ब्लूचा थेंब लावा आणि पुसा. रंग चिरेत अडकतो आणि आडवी निळी रेघ उमटते. पहिले दहा-वीस मासे चुकतील, मग हात बसतो.

नमुना किती घ्यावा? पन्नास मासे पाहिले आणि एकही मादी दिसली नाही, म्हणून बीज शंभर टक्के नर ठरत नाही. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की 50 मध्ये शून्य आल्या, तरी तळ्यात शेकडा 6 पर्यंत माद्या असू शकतात. 100 मध्ये शून्य आल्या तर शेकडा 3 पर्यंत. म्हणून तक्रार करायची असेल किंवा बीज पसंत करायचे असेल, तर निदान शंभर मासे पाहा आणि ते तळ्याच्या एकाच कोपऱ्यातून धरू नका.

चालू हंगामात पिल्ले झालीच असतील, तर मुख्य मासे मोठे झाल्यावर थोडी मरळ सोडता येते. मात्र मरळ आकाराने तुमच्या माशांपेक्षा लहान हवी, म्हणजे ती पिल्लेच खाईल. नाहीतर ती तुमचाच माल खाऊन मोठी होते.

प्रश्न : बोटुकली दोन महिन्यांची झाली आहे. आता औषधाचे खाद्य देऊन माद्यांचे नर करता येतील का? असा मासा खाण्यास सुरक्षित असतो का?

नाही होणार. पिल्लाच्या पोटात प्रजननग्रंथी तयार होऊ लागते, तेव्हा काही दिवस ती वृषण व्हावी की अंडाशय हे ठरलेले नसते. तिलापियात हे दिवस पिल्लाने अंड्यातला पिवळा बलक संपवून तोंडाने खायला सुरुवात केली की लगेच असतात. त्या वेळी पिल्लू 9 ते 11 मिलिमीटरचे असते. तेव्हापासून 21 ते 28 दिवस, किलोभर खाद्यात 60 मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक, ही जगभर रूढ झालेली पद्धत आहे. ग्रंथी एकदा अंडाशय झाली की हेच खाद्य महिनाभर घातले तरी अंडाशयाचे वृषण होत नाही.

‘जास्त दिले तर लवकर होईल’ हा विचारही घातक. शरीरात अ‍ॅरोमटेज नावाचे विकर असते, ते नर संप्रेरकापासून मादी संप्रेरक बनवते. त्यामुळे काही माशांत मात्रा फाजील वाढवली की उलट माद्याच वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

खाण्याबद्दल म्हणाल, तर औषध देतात ते ग्रॅमभरही वजन नसलेल्या पिल्लाला. खाद्य थांबवल्यावर काही दिवसांतच शरीरातले प्रमाण झपाट्याने उतरते आणि मासा बाजारात जातो तो पुढे कित्येक महिन्यांनी. खाणाऱ्यापेक्षा माझी काळजी ते खाद्य मिसळणाऱ्याची आहे. उघड्या हाताने, मुसके न बांधता ही पूड हाताळणारे लोक मी पाहतो. हे काम बीजोत्पादन केंद्राचे आहे, तळ्यावरचे नाही. गरोदर स्त्रीने या खाद्याला हातही लावू नये. त्या टाकीचे पाणी थेट ओढ्यात सोडू नये. या संप्रेरकाच्या वापराचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, केंद्राकडे त्याची परवानगी आहे का ते बीज घेताना विचारा.

प्रश्न : औषध न देता सगळे नर मिळतात, ‘सुपर नर’ वापरतात असे ऐकले. हे काय प्रकरण आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसाप्रमाणे नाईल तिलापियातही मादी एक्स-एक्स आणि नर एक्स-वाय असतो. निळ्या तिलापियात कोंबडीसारखी उलटी व्यवस्था आहे. तिथे नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. एकाच कुळातल्या, एकमेकींशी संकर होणाऱ्या दोन जातींत दोन वेगळ्या पद्धती! नाईलची एक्स-एक्स मादी आणि निळ्याचा झेड-झेड नर यांच्या संकरात बहुतेक पिल्ले नर का होतात, ते यातून कळते. मादी ठरवणारे डब्ल्यू त्यात कुठूनच येत नाही.

आता सुपर नर. नेहमीच्या पिल्लांना त्या सुरुवातीच्या दिवसांत मादी संप्रेरक देतात. त्यामुळे एक्स-वाय पिल्लेसुद्धा माद्या बनतात. गुणसूत्रे नराची, पण अंडी देते. अशा मादीचा साध्या एक्स-वाय नराशी जोडा लावला की चार पिल्लांमागे सरासरी एक एक्स-एक्स, दोन एक्स-वाय आणि एक वाय-वाय होते. म्हणजे तीन नर, एक मादी. त्या नरांपैकी दर तिघांत एक वाय-वाय असतो, पण बाहेरून तो वेगळा दिसत नाही. मग प्रत्येक नराची साध्या माद्यांशी वीण घेऊन पाहायची. ज्याची सगळी पिल्ले नर, तो वाय-वाय, म्हणजेच ‘सुपर नर’. काही वाणांत आता वाय गुणसूत्राची जनुकीय खूण तपासून हे लवकर कळते. वाय-वाय हाती आले की त्यातल्या काही पिल्लांनाही मादी करून वाय-वाय नर आणि वाय-वाय मादी यांच्यापासून प्रजनकांचा पुढचा साठा तयार करतात. तळ्यात येते ते या नराचे आणि साध्या मादीचे एक्स-वाय पिल्लू, ज्याला औषधाचा कणही लागलेला नसतो. हे सगळे उभे करायला काही वर्षे जातात, म्हणून हे घरच्या तळ्यावर करण्याचे काम नाही.

‘वाय-वाय जगतो कसा’ हे विचारायला हवे. माणसाचे वाय गुणसूत्र कोट्यवधी वर्षांत झिजून गेले आहे, एक्सवर असणारी जीवनावश्यक जनुके त्यावर नाहीत. तिलापियात एक्स आणि वाय अजून जवळजवळ सारखेच आहेत, फरक एका छोट्या तुकड्याचा. त्यामुळे एक्स नसला तरी काही अडत नाही.

इतके करूनही शंभर टक्के नर क्वचित मिळतात, आणि यात केंद्राची लबाडी नसते. सस्तन प्राण्यांत वायवरचे ‘एसआरवाय’ हे एकच जनुक नर ठरवते, हे 1990 मध्ये कळले. माशांत असे एकच सामाईक जनुक नाही. मेडाका या जपानी माशात ते 2002 मध्ये सापडले, ट्राउटमध्ये 2012 मध्ये वेगळेच निघाले, आणि नाईल तिलापियात आणखी तिसरेच. त्यातही मुख्य जनुक हा तराजूच्या एका पारड्यातला मोठा दगड आहे एवढेच. दुसऱ्या गुणसूत्रांवरची लहान जनुके आणि पाण्याची ऊब ही छोटी वजने दुसऱ्या पारड्यात पडतात आणि काही कुटुंबांत काटा फिरवतात. म्हणून कुणी ‘शंभर टक्क्यांची गॅरंटी’ देऊ लागला, तर मी त्याच्याकडून बीज घेणार नाही. ‘इतके मासे तपासले, इतक्या माद्या निघाल्या’ असा कागद दाखवणारा बरा.

प्रश्न : पाणी गरम ठेवले की सगळे नर होतात म्हणे. हीटर लावू का?

लावू नका. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तिलापियाची पिल्ले अंडे फलित झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या सुमारास 36 अंशांच्या पाण्यात ठेवून तिथेच काही आठवडे वाढवली, तर नरांचे प्रमाण वाढते. त्या उष्णतेत अ‍ॅरोमटेज तयार होणे दबते, मादी संप्रेरक कमी पडते आणि ग्रंथी वृषणाकडे वळते. पण एका जोडप्याच्या पिल्लांत नव्वद टक्के नर होतात, दुसऱ्याच्या पिल्लांत काहीच फरक पडत नाही, आणि 36 अंशांत पिल्ले मरतातही. मोठ्या माशाला तर त्याचा उपयोग शून्य.

निसर्गात या गोष्टीला अर्थ आहे. अटलांटिक सिल्व्हरसाइड या छोट्या समुद्री माशावर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हंगामाच्या सुरुवातीच्या थंड पाण्यात जन्मलेल्यांत माद्या जास्त, उशिराच्या उबदार पाण्यात नर जास्त. लवकर जन्मलेल्याला वाढायला जास्त दिवस मिळतात. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, म्हणून मोठे होण्याचा फायदा नरापेक्षा मादीला अधिक.

यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की पिल्लांच्या टाकीत कडक उन्हाने पाणी तापत असेल, तर नर-मादीचे प्रमाण विचित्र येऊ शकते. टाकीवर सावली करा आणि दुपारचे तापमान नोंदवत जा.

प्रश्न : सायप्रिनसमध्येही (कॉमन कार्प) सगळे नर करावेत का?

उलट. सायप्रिनसची मादी नरापेक्षा मोठी होते, तिथे सगळ्या माद्या फायद्याच्या. त्यासाठी एक्स-एक्स पिल्लांना नर संप्रेरक देऊन नर बनवतात. अशा नराच्या वीर्यात वाय नसतेच, त्यामुळे साध्या मादीशी त्याची वीण घेतली की सगळ्या माद्या. पाळायच्या पिल्लाला इथेही औषध लागत नाही.

प्रश्न : जिताडा तीन वर्षे ठेवला. पकडून पाहिले तर सगळे नर. मादी कुठे मिळेल?

तुमच्याच तळ्यात, थांबलात तर. जिताडा आधी नर म्हणून प्रौढ होतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि पुढे सहा-आठ वर्षांचा झाल्यावर त्यातले बरेच मादी बनतात. म्हणून प्रजननासाठी वेगवेगळ्या वयांचे मासे लागतात. सगळा साठा एकाच वर्षी विकणाऱ्याकडे मादी कधीच दिसणार नाही.

गोब्रा, म्हणजे ग्रुपर, याच्या उलट. तो आधी मादी, वय वाढल्यावर नर. तिथे अडचण नर मिळण्याची होते. शोभिवंत क्लाउनफिशमध्ये तर वयापेक्षा गटातले स्थान महत्त्वाचे. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी, दुसरा प्रजननक्षम नर, बाकीचे लहान राहून वाट पाहतात. मादी मेली की नर मादी होतो आणि खालच्यांपैकी मोठा त्याची जागा घेतो. क्लाउनफिशचा जोडा हवा असेल, तर नर-मादी शोधत बसू नका. एक मोठे आणि एक लहान पिल्लू एकत्र ठेवा, पुढचे ते ठरवतात.

प्रश्न : रोहूच्या पोटात गाभोळी भरलेली दिसते, तरी तळ्यात वीत नाही.

गाभोळी भरणे आणि अंडी सुटणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. रोहू, कटला, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात वितात. साठलेल्या पाण्यात तो इशारा मिळत नाही, मेंदूतले डोपामिन हे रसायन अंडी सुटण्याचा संदेश देणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला रोखून धरते आणि हंगाम गेला की अंडी शरीरातच शोषली जातात. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिकेचा अर्क टोचून या माशांची वीण घडवली, तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबन कमी होत गेले. आज मिळणाऱ्या तयार इंजेक्शनांत पीयूषिकेला चालना देणारे संप्रेरक आणि डोपामिनला अडवणारे औषध, दोन्ही असतात. मादीला इंजेक्शन देण्याआधी ती खरोखर पक्व आहे का, हे पाहा. पोट मऊ आणि भरलेले हवे. कच्च्या मादीला टोचून अंडी मिळत नाहीत, मादी मात्र जाते.

प्रश्न : माझ्याकडे 20 माद्या आणि 2 नर आहेत. दोन नर पुरतात, मग जास्त कशाला पोसू?

अंडी फलित करायला पुरतात, वंश टिकवायला नाही. याचे सूत्र सोपे आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज. तुमच्या बाबतीत 160 भागिले 22, म्हणजे सुमारे 7. तळ्यात प्रजनक 22 असले, तरी जनुकांच्या हिशेबाने ते सातच आहेत. पिढीमागे सगोत्रता, म्हणजे जवळच्या नात्यातल्या वीणीचा परिणाम, किती वाढते ते पाहायचे, तर 1 ला या आकड्याच्या दुपटीने भागा. तुमच्याकडे ती दर पिढीला जवळजवळ 7 टक्के वाढते. तेवढेच 22 मासे 11 नर आणि 11 माद्या असे ठेवले असते, तर वाढ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास राहिली असती. मासे तितकेच, खर्च तितकाच.

हे नुकसान पहिल्या वर्षी दिसत नाही. दोन-तीन पिढ्यांनी पिल्ले कमी जगू लागतात, वाकड्या कण्याची निघतात, वाढ मंदावते, आणि शेतकरी खाद्याला दोष देतो. आणखी एक बारीक गोष्ट : पिळून वीण घेताना चार नरांचे वीर्य एका वाटीत कालवू नका, जोमदार नराचेच शुक्राणू बाजी मारतात. अंड्यांचे भाग करा, प्रत्येक भागाला वेगळा नर द्या, फलित झाल्यावर एकत्र करा. आणि दर दोन-तीन वर्षांनी काही प्रजनक नातेसंबंध नसलेल्या साठ्यातून आणा.

प्रश्न : गप्पीची मादी एकटी ठेवली होती, तरी दोनदा पिल्ले झाली. नराशिवाय होते का?

गप्पीत नाही. तिने आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवले होते, ते महिनोन्‌महिने टिकतात आणि एका मिलनावर अनेक वेती होतात. वाण सांभाळायचा असेल, तर माद्या कोवळ्या असतानाच वेगळ्या करा. नर पिल्लाचा गुदपर (गुदद्वारामागचा पर) लांबट, काडीसारखा होऊ लागतो. तो दिसायला लागल्यावर वेगळे करणे म्हणजे उशीर झाला, त्याआधी मादीच्या पोटामागचा काळसर ठिपका पाहून उचला. (अ‍ॅमेझॉन मॉली नावाची एक जात मात्र सगळी मादीच आहे. ती दुसऱ्या जातीच्या नराशी जुगते, शुक्राणू फक्त अंड्याला जागे करतो, पिल्लांत बापाचे सहसा काहीच येत नाही.)

याच शेतकऱ्याने विचारले आहे की रंगीत नराची मुलगी रंगहीन का निघते. गप्पीतले काही रंग थेट वाय गुणसूत्रावर आहेत, ते बापाकडून मुलाकडेच जातात. हे 1920 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये योहानेस श्मिट आणि ओय्विंड विंगे यांनी दाखवले. काही रंग एक्सवरही आहेत, ते मादीत असतात पण बहुधा दिसत नाहीत, कारण ते उमटायला नर संप्रेरक लागते. म्हणून मादी निवडताना तिचे अंग पाहू नका, तिचे भाऊ पाहा. ज्या वेतातले भाऊ चांगले रंगले, त्याच वेतातल्या बहिणी राखून ठेवा.